पुंगळीचा हिशेब

(मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनानिमित्त झालेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



नांदेड-लातूरच्या भूमीला शस्त्राचा विषय नवा नाही. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली नांदेड येथे देह ठेवला. त्यांची शस्त्रे हुजूर साहिबमध्ये आजही श्रद्धेने जतन केलेली आहेत. दसऱ्याला आपल्या घरोघरी शस्त्रपूजन होते. परंतु शस्त्राची शक्ती ज्यात साठवलेली असते, त्या काडतुसाचा विचार आपण क्वचितच करतो.

काडतूस हा शब्द आपल्याकडे पोर्तुगीज भाषेतून आला. १८५७ च्या ठिणगीचे एक निमित्त एनफिल्ड बंदुकीचे चरबी लावलेले काडतूस होते. त्यानंतर इंग्रजांनी दोन गोष्टी केल्या. १८६९ साली खडकी येथे दारूगोळ्याचा कारखाना उभारला आणि १८७८ साली शस्त्रकायदा करून हिंदी माणसाला निःशस्त्र केले. बंदूक कोणाच्याही हाती असो, काडतुसावर ज्याचा ताबा, त्याचीच सत्ता, हे त्यांनी ओळखले होते.

मुक्तिसंग्रामाचा धडा

हैदराबाद संस्थानात हाच अनुभव आला. लातूरला वकिली करणारा कासीम रझवी रझाकारांचा म्होरक्या झाला. १९४८ साली सिडने कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानाने निजामासाठी शस्त्रे आणत होता. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालील लढ्यातील गावकऱ्यांच्या हाती मात्र गोफणी, भाले आणि ठासणीच्या बंदुका होत्या. ठासणीच्या बंदुकीत दारू आणि छर्रे दर वेळी हाताने भरावे लागत. एक बार झाला की दुसरा भरेपर्यंत जीव मुठीत.

३० जानेवारी १९४८ रोजी नांदेड जिल्ह्यातील उमरी येथील बँक स्वातंत्र्यसैनिकांनी लुटली. लाखो रुपये हाती आले. त्या पैशाचा काटेकोर हिशेब ठेवला गेला, ही त्या घटनेची खरी थोरवी. १३ सप्टेंबरला भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ सप्टेंबरला निजामाने हार पत्करली. अन्यायी राजवटीत उचललेले शस्त्र आणि स्वराज्यात बाळगलेले शस्त्र यांतील भेद त्या पिढीला ठाऊक होता.

घरातला कारखाना

आज हा विषय वेगळ्या रूपाने समोर येतो. पिस्तुलाच्या काडतुसाचे चार भाग असतात: पितळी पुंगळी, तिच्या बुडाची टोपी, आतील दारू आणि पुढची गोळी. बार उडाल्यावर पुंगळी शिल्लक राहते. अमेरिकेत अनेक नेमबाज अशी पुंगळी घरीच यंत्रावर पुन्हा भरतात. पुंगळी हा काडतुसाचा महागडा भाग असल्याने खर्च वाचतो आणि हवे तसे एकसारखे काडतूस मिळते. तेथे तो कायदेशीर छंद आहे.

परंतु त्यात धोकाही तितकाच आहे. दारू चुकून दुप्पट पडली तर पिस्तूल हातातच फुटते. अगदी कमी पडली तर गोळी नळीतच अडकते आणि पुढच्या बाराला नळी फाटते. वारंवार वापरलेले पितळ थकते, त्याला तडे जातात. टोपीतील व गोळीतील शिशाची धूळ घरातील लेकरांच्या शरीरात जाते, ती वेगळीच.

कोणी म्हणेल, खेळासाठी तरी हे हवे. राही सरनोबत या कोल्हापूरच्या कन्येने २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूल प्रकारात सुवर्णपदक मिळवले. त्या प्रकारात वापरतात ते पॉइंट टू टू काडतूस. त्याचे स्फोटक मिश्रण पुंगळीच्या कडेतच असते, त्यामुळे ते घरी पुन्हा भरण्याजोगे नसतेच. पदकाची वाट सरावातून जाते.

कायदा काय सांगतो?

१९५९ च्या शस्त्रकायद्याच्या पाचव्या कलमानुसार काडतूस तयार करण्यास स्वतंत्र परवाना लागतो. पिस्तूल बाळगण्याचा परवाना म्हणजे काडतूस बनविण्याची मुभा नव्हे. काडतूस तयार करण्याची यंत्रसामग्रीसुद्धा या कायद्याच्या व्याख्येत दारूगोळाच ठरते. २०१९ च्या दुरुस्तीनंतर विनापरवाना निर्मितीस किमान सात वर्षे ते जन्मठेप एवढी शिक्षा आहे.

हे कठोर वाटेल. पण एप्रिल २०२२ मध्ये नांदेडमध्ये एका बांधकाम व्यावसायिकाची घराबाहेर गोळ्या झाडून हत्या झाली, ते आठवावे. अशा वेळी तपासाला पहिली साक्ष देते ती जमिनीवर पडलेली पुंगळी. तिच्यावर उमटलेल्या खुणांवरून पिस्तूल ओळखता येते. पुन्हा पुन्हा भरलेल्या पुंगळीवर जुन्या-नव्या खुणांची सरमिसळ होते. म्हणूनच पोलिसांच्या गोळीबार सरावानंतर रिकाम्या पुंगळ्या मोजून परत घेतल्या जातात.

परकीय सत्तेने आपल्याला निःशस्त्र केले, ते भयापोटी. स्वतंत्र देशाने शस्त्रावर नियम घातले, ते आपल्याच लेकरांच्या रक्षणासाठी. आता सैन्य आपले आहे, खडकीचा कारखानाही आपला आहे. उमरीच्या वीरांनी पैशाचा हिशेब दिला. आपण निदान पुंगळीचा द्यावा. शस्त्रपूजनाच्या ताटात फुले असावीत, अक्षता असाव्यात. चोरून भरलेले काडतूस तेथे शोभत नाही.