विधिमंडळातील भाऊसाहेब बांदोडकर
(देवस्थानच्या सभामंडपात झालेल्या व्याख्यानाची संहिता)



एखाद्या सभागृहाच्या इतिहासात असा सदस्य क्वचितच आढळतो, की जो ते सभागृह विसर्जित व्हावे या उघड हेतूने त्यात प्रवेश करतो आणि अखेरीस त्याचा पाया मजबूत करून जातो. गोवा, दमण आणि दीव या संघप्रदेशाचे पहिले मुख्यमंत्री कै. दयानंद बाळकृष्ण तथा भाऊसाहेब बांदोडकर यांच्या सार्वजनिक आयुष्याचे मर्म या विरोधाभासात आहे. त्यांच्या दातृत्वाच्या, शिकारीच्या, फुटबॉल आणि क्रिकेटच्या आवडीच्या कथा घरोघरी सांगितल्या जातात. त्या मनोरंजक असल्या, तरी आजच्या व्याख्यानाचा विषय तो नव्हे. विधिमंडळाचा सदस्य आणि नेता म्हणून हा पुरुष कसा वागला, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

भाऊसाहेबांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडण्यात झाला. गोमंतक मराठा समाज हा त्यांचा समाज. या समाजातील कितीतरी घराण्यांनी देवळांच्या मंडपांत पिढ्यान् पिढ्या गायन-वादनाची आणि अन्य सेवा केली. परंतु त्याच देवळांच्या कारभारात त्यांना आवाज नव्हता. आजच्या या सभेत तरी हे सत्य आडपडद्याने सांगण्याचे कारण नाही. पदव्यांचा साज नसताना केवळ व्यवसायबुद्धीच्या जोरावर ते खाणमालक झाले, संपत्तीचे धनी झाले, आणि मिळवलेले मुक्तहस्ताने शाळांना व संस्थांना देत राहिले.

पोर्तुगीज राजवटीत, विशेषतः सालाझारच्या काळात, सभा भरवणे आणि मत मांडणे हाच जेथे गुन्हा होता, तेथे सामान्य गोमंतकीयाला निवडणूक ही गोष्ट ठाऊक असावी तरी कशी? काहीसा परिचय होता तो कोमुनिदादींच्या आणि देवस्थानांच्या सभांतून. १९३३ च्या माझानिया नियमावलीप्रमाणे महाजनांच्या समित्या निवडल्या जात. पण तेथील मताचा अधिकार कुळाने आणि जन्माने येत असे. देवळाची शेती कसणारा कूळ, भाटात खोप बांधून राहणारा मुंडकार, यांची नावे त्या वहीत नव्हती. १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाला आणि दोन वर्षांच्या आत, डिसेंबर १९६३ मध्ये, विधानसभेच्या निवडणुकीत त्याच मुंडकाराच्या हाती मतपत्रिका आली. भाटकाराचे मत एक आणि मुंडकाराचेही एकच! चारशे-साडेचारशे वर्षांत न घडलेली ही उलथापालथ एका दिवसात, रक्ताचा थेंब न सांडता घडली. तिचे मोल त्या वेळी पुष्कळांना उमगले नाही. भाऊसाहेबांना मात्र ते प्रथम उमगले.

त्यांनी उभारलेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाच्या नावातच त्याचे उद्दिष्ट होते. गोवा महाराष्ट्रात विलीन व्हावा आणि कसेल त्याची जमीन व्हावी, ही त्याची दोन प्रमुख वचने. समोर डॉ. जॅक सिक्वेरा यांचा युनायटेड गोवन्स पक्ष स्वतंत्र अस्तित्वाचा पुरस्कर्ता म्हणून उभा होता. तीस जागांपैकी मगो पक्षाला १६ आणि युनायटेड गोवन्सला १२ मिळाल्या. देशभर सत्तेवर असलेल्या काँग्रेसला गोव्याच्या भूमीवर एकही जागा लाभली नाही. तिची एकमेव जागा दमणची होती. गंमत अशी, की पक्षाचे सूत्रधार भाऊसाहेब स्वतः त्या निवडणुकीला उभेच नव्हते. २० डिसेंबर १९६३ रोजी त्यांनी मुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली ती सदस्य नसतानाच, आणि नंतर मडकई मतदारसंघातील पोटनिवडणुकीतून ते सभागृहात आले.

पणजीच्या आदिलशाही राजवाड्यात ते सभागृह भरत असे. सभापतिपदी श्री. पांडुरंग पुरुषोत्तम शिरोडकर होते आणि विरोधी बाकांवर डॉ. सिक्वेरांसारखा तोलामोलाचा प्रतिस्पर्धी. सभागृहाच्या कामकाजाची परंपरा कोणालाच नव्हती. जो तो शिकत होता. अशा नवख्या सभागृहाने १९६४ मध्ये कूळकायदा संमत केला. या कायद्याने कुळाला जमिनीवर संरक्षण दिले आणि खंडाची मर्यादा उत्पन्नाच्या एक-षष्ठांशावर आणली. आजवर अर्धेलीने वा मालकाच्या मर्जीने देणे देणाऱ्या शेतकऱ्याला या एका आकड्याचा अर्थ कोणी समजावून सांगावा लागला नाही. कायदा करणाऱ्या पक्षाचा नेता स्वतः खाणींचा मालक होता, हे त्याच्या टीकाकारांनी वेळोवेळी दाखवून दिले. परंतु ज्यांचे हितसंबंध दुखावले गेले, त्या भाटकारांत देवस्थानांशी निगडित घराणीही होती, हेही स्मरणात ठेवावे. त्यांचा रोष पत्करूनच हा कायदा झाला. खेड्यापाड्यांतून मराठी प्राथमिक शाळा उघडण्याचे कार्यही याच काळातले. पाटी घेऊन शाळेत जाणारी त्या घरांतील पहिली पिढी ती.

विलीनीकरणाचा ठराव विधानसभेने जानेवारी १९६५ मध्ये संमत केला. बहुमत हाताशी होते, तेव्हा ठराव होणारच होता. त्याच वर्षी महाराष्ट्राच्या विधिमंडळाने त्याला दुजोरा दिला, तर म्हैसूरच्या विधिमंडळाने विरोध केला. पण सोळा विरुद्ध बारा अशा बळावर एका प्रदेशाचे भवितव्य कायमचे ठरवावे काय, हा विरोधकांचा प्रश्न साधा नव्हता. केंद्र सरकारने अखेर लोकांनाच थेट विचारण्याचे ठरवले आणि डिसेंबर १९६६ मध्ये संसदेने जनमत कौलाचा कायदा केला. मगो सरकार अधिकारावर असताना कौल निःपक्षपाती होणार नाही, असा आक्षेप विरोधकांनी घेतला. तेव्हा भाऊसाहेबांच्या मंत्रिमंडळाने राजीनामा दिला आणि राष्ट्रपती राजवट आली.

हा राजीनामा त्यांच्या साऱ्या कारकिर्दीतील सर्वांत कसोटीचा क्षण होय. जो कौल आपल्या आयुष्याचे ध्येय ठरवणार, त्याच्या तोंडावर सत्तेची सूत्रे खाली ठेवणे याला केवळ डावपेच म्हणता येणार नाही. या राजीनाम्याने विलीनीकरणाची बाजू दुबळी झाली, असे मानणारे त्यांच्या पक्षात पुढेही होते. ते खरे असो वा नसो, कौलाच्या निकालावर कोणालाही बोट ठेवता आले नाही, याचे श्रेय या राजीनाम्याला द्यावेच लागेल.

१६ जानेवारी १९६७ रोजी गोव्यात मतदान झाले. विलीनीकरणाचे चिन्ह फूल होते, संघप्रदेशाचे दोन पाने. फुलाला १,३८,१७० मते पडली आणि दोन पानांना १,७२,१९१. ३४,०२१ मतांनी विलीनीकरण फेटाळले गेले. या आकड्यांकडे धर्माच्या चष्म्यातून पाहण्याची खोड अनेकांना आहे. परंतु हिंदूंची संख्या अधिक असलेल्या प्रदेशात असा निकाल लागला, याचा अर्थ काही हिंदूंनीही दोन पानांवर शिक्का मारला होता, हे उघड आहे. पणजीचे सरकार पायी गाठता येते, मुंबईचे येत नाही, हा विचार एखाद्या शेतकऱ्याने केला असेल तर त्यात नवल ते काय?

पुढे घडले ते अधिक विचार करण्याजोगे आहे. अवघ्या दोन-अडीच महिन्यांत, मार्च १९६७ च्या अखेरीस, विधानसभेची निवडणूक झाली. ज्याचे जीवितध्येय लोकांनी नाकारले, त्याचा पक्ष आता संपला, असा होरा जाणत्यांनी बांधला होता. निकाल लागला तो पुन्हा मगो पक्षाला १६ आणि युनायटेड गोवन्सला १२! त्याच मतदाराने भाऊसाहेबांचा नकाशा फाडला आणि भाऊसाहेबांना ठेवून घेतले. ५ एप्रिल १९६७ रोजी ते पुनश्च मुख्यमंत्री झाले.

आपल्या मताविरुद्ध टिकून राहिलेल्या प्रदेशाचा कारभार ते कटुतेने करतील, अशी भीती असणे स्वाभाविक होते. तसे झाले नाही. पराभवाचा सूड त्यांनी कोणावर उगवला नाही. विलीनीकरणाचे नाव पक्षाच्या फलकावर राहिले. राज्यकारभार मात्र गोवा गोवाच राहणार असे धरूनच चालला. १९७० मध्ये कला अकादमी स्थापन झाली, ती या वेगळ्या प्रदेशाच्या सांस्कृतिक गरजेतूनच.

याचा अर्थ त्यांच्या कारभारात वैगुण्य नव्हते असा नव्हे. पक्ष म्हणजे भाऊसाहेब आणि भाऊसाहेब म्हणजे पक्ष, अशी स्थिती झाली होती. दुसऱ्या फळीला वाव मिळत नसे, आणि सहकाऱ्यांचा सल्ला ऐकण्यापेक्षा स्वतःच्या अंदाजावर विसंबण्याकडे त्यांचा कल असे. १९७० मध्ये त्यांच्याच पक्षाच्या काही आमदारांनी बंड पुकारले. सरकार डळमळले आणि टिकले ते विरोधी बाकांवरील काही सदस्यांच्या पाठिंब्यावर. पक्षांतराची जी रीत गोमंतकाला पुढे फार महाग पडली, तिचा हा आरंभीचा प्रयोग भाऊसाहेबांच्याच अमदानीतला आहे. त्यांच्या चाहत्यांना हे वाचवत नाही, परंतु चरित्र सांगताना ते गाळता येणार नाही. लोकांनी मात्र बंडखोरांची बाजू घेतली नाही. १९७२ च्या निवडणुकीत मगो पक्षाला १८ जागा मिळाल्या आणि ते तिसऱ्यांदा मुख्यमंत्री झाले.

ती मुदत त्यांना पुरी करता आली नाही. १२ ऑगस्ट १९७३ रोजी हृदयविकाराने त्यांचे निधन झाले. मिरामारच्या किनाऱ्यावर त्यांची समाधी आहे. दुसऱ्या दिवशी त्यांच्या कन्या श्रीमती शशिकला काकोडकर यांनी मुख्यमंत्रिपदाची सूत्रे स्वीकारली. मुंडकाराला त्याच्या खोपीतून हुसकावता येऊ नये म्हणून १९७५ चा मुंडकार कायदा आणि कसणाऱ्याला मालकी देणारी कूळकायद्याची १९७६ ची पाचवी दुरुस्ती, ही दोन्ही कामे त्यांच्या कारकिर्दीत विधानसभेने केली. वडिलांनी १९६३ मध्ये दिलेले दुसरे वचन अशा रीतीने कन्येच्या हातून पुढे गेले.

पहिल्या वचनाचे काय झाले, ते सर्वश्रुत आहे. ३० मे १९८७ रोजी गोवा महाराष्ट्रात विलीन न होता भारतीय संघराज्याचे एक स्वतंत्र घटकराज्य झाला. त्या दिवशी मुख्यमंत्रिपदावर असलेले श्री. प्रतापसिंह राणे १९७२ मध्ये प्रथम विधानसभेवर निवडून आले होते, ते भाऊसाहेबांच्या मगो पक्षातर्फे, आणि विधिमंडळातील कामाचे पहिले धडे त्यांनी भाऊसाहेबांच्याच मंत्रिमंडळात घेतले होते.