उत्तरआधुनिकता: कादंबरी, पडदा आणि विद्यापीठातील वर्ग

उत्तरआधुनिकतेवरील पायाभूत ग्रंथांपैकी एक मुळात विद्यापीठांसाठी लिहिलेला अहवाल होता. प्रगत समाजांतील ज्ञानाची अवस्था तपासण्याचे काम कॅनडातील क्वेबेक सरकारच्या विद्यापीठ परिषदेने फ्रेंच तत्त्वज्ञ झाँ-फ्रान्स्वा ल्योतार यांच्याकडे सोपवले. त्यांचे विवेचन १९७९ मध्ये पुस्तकरूपाने आले. मानवमुक्तीची आणि प्रगतीची महाकथने आता विश्वासार्ह उरलेली नाहीत, हे त्यातले विधान जगभर पोहोचले. त्यातले दुसरे म्हणणे वर्गात त्या मानाने मागे पडते: संगणकाच्या युगात ज्ञान विक्रीसाठी निर्माण होईल आणि ‘हे खरे आहे का’ याऐवजी ‘याचा उपयोग काय’ असे विचारले जाईल. ज्या वर्गात हा विषय शिकवला जातो त्या वर्गाबद्दलच हे भाकीत आहे. ते गाळले की विषयाची धार जाते.

साहित्याच्या पदव्युत्तर वर्गांत उत्तरआधुनिकता बहुधा लक्षणांच्या यादीतून शिरते: विखंडन, पॅस्टिश, आंतरसंहितात्मकता, अनिश्चितता. आधुनिकता आणि उत्तरआधुनिकता यांची वैशिष्ट्ये समोरासमोर मांडणारा इहाब हसन यांचा तक्ता टिपांच्या वहीत उतरतो आणि तिथून उत्तरपत्रिकेत. यादी परीक्षेला सोयीची, पण फसवी असते. निवेदकाने वाचकाशी थेट बोलणे, कथेचा बनाव उघडा करणे हेच लक्षण मानले, तर सर्व्हान्तेसची ‘डॉन किहोते’ आणि अठराव्या शतकातील लॉरेन्स स्टर्नची ‘ट्रिस्ट्रम शँडी’ याही उत्तरआधुनिक ठरतील. तमाशातला सोंगाड्यासुद्धा त्यात बसेल. तंत्र जुने असू शकते. ते कोणत्या काळात आणि कोणत्या विश्वासाला हादरा देण्यासाठी वापरले, हे पाहावे लागते. आणि त्यासाठी कलाकृती सावकाश वाचण्याला पर्याय नाही.

जॉन फावल्स यांची ‘द फ्रेंच लेफ्टनंट्स वुमन’ (१९६९) अशा वाचनासाठी फार मोलाची आहे. कथा १८६७ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावरील लाइम रेजिस गावात सुरू होते. सुखवस्तू चार्ल्स स्मिथसनचे लग्न अर्नेस्टिना या धनिक व्यापाऱ्याच्या मुलीशी ठरलेले आहे. तो मात्र सारा वुड्रफ या गावात बदनाम झालेल्या स्त्रीकडे ओढला जातो. मधूनच विसाव्या शतकाचे उल्लेख आले तरी पहिली बारा प्रकरणे व्हिक्टोरियन कादंबरीच्या सर्वज्ञ थाटात चालतात. तेराव्या प्रकरणात निवेदक सांगून टाकतो की सारा कोण, हे त्यालाच ठाऊक नाही, ही पात्रे त्याच्या मनाबाहेर कधी नव्हती आणि तो फ्रेंच कादंबरीकार रोब-ग्रिये व समीक्षक रोलाँ बार्थ यांच्या काळात लिहितो आहे. चव्वेचाळिसाव्या प्रकरणात चार्ल्स अर्नेस्टिनाशी लग्न करून संसाराला लागतो, आणि लगेच कळते की हा शेवट त्याने मनात रंगवला होता. पंचावन्नाव्या प्रकरणात लेखकासारखा भासणारा दाढीवाला गृहस्थ आगगाडीच्या डब्यात चार्ल्ससमोर येऊन बसतो आणि कोणता शेवट नंतर द्यायचा हे नाणे उडवून ठरवतो. साठाव्या आणि एकसष्टाव्या प्रकरणांत दोन निराळे शेवट येतात. या साऱ्या करामतीमागे नैतिक आग्रह आहे. सारासारख्या स्त्रीचे भवितव्य समाजाने आधीच लिहून ठेवलेले असते; तिचा निर्माता तिच्यावरची मालकी सोडून देतो.

निवेदकाचा हा आवाज पडद्यावर आणणे अवघड होते. १९८१ च्या चित्रपटात पटकथाकार हॅरल्ड पिंटर आणि दिग्दर्शक कॅरेल राइस यांनी निवेदक काढूनच टाकला. त्याच्या जागी त्यांनी चित्रपटातला चित्रपट आणला: अ‍ॅना आणि माइक हे नट सारा आणि चार्ल्सच्या भूमिका करत आहेत आणि चित्रीकरणाच्या काळात त्यांचेही प्रेमप्रकरण चालू आहे. मेरिल स्ट्रीप आणि जेरेमी आयर्न्स दोन्ही जोड्या साकारतात. कादंबरीचे दोन शेवट या जोड्यांत वाटले जातात. व्हिक्टोरियन प्रेमिक एकत्र येतात, आजचे दुरावतात. आणि निघून जाणाऱ्या अ‍ॅनाला माइक खिडकीतून हाक मारतो ती ‘सारा’ अशी. शब्दांनी केलेले काम संकलन आणि अभिनय कसे करतात, हे या जोडवाचनाइतके स्पष्ट क्वचितच दिसते. म्हणूनच साहित्य आणि चित्रपट वेगवेगळ्या सत्रांत टाकणे नुकसानीचे आहे.

सिद्धान्ताची पाळी यानंतर यावी. फ्रेडरिक जेमसन यांच्या १९८४ च्या निबंधात पॅस्टिश म्हणजे टीकेचा हेतू हरवलेली नक्कल, भूतकाळाची केवळ चित्रे उरल्याची खूण. लिंडा हचन यांना विडंबनातच इतिहासाकडे चिकित्सेने पाहण्याची ताकद दिसते. फावल्स हचनच्या बाजूने साक्ष देतो. रिडली स्कॉटच्या ‘ब्लेड रनर’चा (१९८२) निवाडा इतका सोपा नाही: भविष्यातील लॉस एंजेलिस तिथे चाळिशीच्या दशकातील गुन्हेपटांच्या छायेत उभे राहते. शिवाय १९८२, १९९२ आणि २००७ च्या आवृत्त्या एकसारख्या नाहीत. पहिलीत नायकाचे निवेदन आणि सुखान्त आहे, नंतरच्या दोन्हींत ते नाहीत. अभ्यासाची संहिता कोणती, हे वर्गाला आधी ठरवावे लागते.

मराठीच्या वर्गात हे सिद्धान्त आयते वापरता येत नाहीत. विजय तेंडुलकरांच्या ‘घाशीराम कोतवाल’ (१९७२) या नाटकाने पेशवाईचा इतिहास नाच-गाण्यात आणि माणसांच्या भिंतीत मांडला. इतिहासाच्या अधिकृत कथनावरचा अविश्वास त्यात आहे. पण त्याची साधने कीर्तन, खेळे, तमाशा यांतून आली, युरोपीय आधुनिकता थकल्यामुळे नव्हे. त्याच वर्षी नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला. त्यातली भाषा तुटलेली, रस्त्यावरची, शिष्ट अभिरुचीला धुडकावणारी आहे आणि लक्षणांच्या यादीत ती चपखल बसेल. तरी ती कविता मुक्तीवरचा विश्वास गमावलेल्या माणसाची नाही. फुले-आंबेडकरांनी उभे केलेले मुक्तीचे कथन ज्यांच्यासाठी अजून पुरे व्हायचे आहे, त्यांना महाकथनांचा काळ सरला असे सांगणे घाईचे आहे. ल्योतारच्या शेजारी ‘गोलपिठा’ ठेवून वाचणाऱ्या विद्यार्थ्याने ढसाळांच्या कवितेवर ल्योतारचे विधान तपासावे. ते कुठे टिकते आणि कुठे अपुरे पडते, हे प्रबंधात पुराव्यानिशी लिहावे.