झोपाळे चार होते, आले दोन



मी मूळचा निपाणीचा. आयटीआय केलं आणि वेल्डर म्हणून बेंगळुरूला आलो. पीण्यात दुसऱ्याच्या शेडमध्ये नऊ वर्षं काम केलं. मग इथंच, पीण्याच्या सेकंड स्टेजला, भाड्याच्या शेडमध्ये दोन वेल्डिंग मशीन टाकून स्वतःचं सुरू केलं. आज आम्ही उद्यानांसाठी झोपाळे, घसरगुंड्या, बाकडी, रेलिंग, गेट बनवतो. तुमच्यातले बरेच जण याच धंद्यात आहेत, कोणी पुण्यात, कोणी कोल्हापुरात, कोणी हुबळीत. म्हणून आज टेंडरबद्दल बोलणार आहे. आणि माझ्या हातून झालेल्या दोन चुका सांगणार आहे.

टेंडर म्हटलं की आपल्याकडे पहिलं वाक्य ठरलेलं असतं, “ते सगळं आधीच ठरलेलं असतं हो.” मीही वर्षानुवर्षं हेच म्हणायचो. असं म्हटलं की कागद वाचायचे कष्ट वाचतात.

आधी कायदा थोडक्यात सांगतो. कर्नाटकात सार्वजनिक खरेदीतल्या पारदर्शकतेचा कायदा १९९९ चा आहे, लोक त्याला केटीपीपी म्हणतात. त्याचे नियम २००० चे. मुद्दा एकच, सरकारी पैशाने काही घ्यायचं किंवा बांधायचं तर उघड टेंडर काढूनच. अपवाद आहेत. नैसर्गिक आपत्ती आहे, वस्तू एकाच ठिकाणी मिळते, काम छोटं आहे, किंवा सरकारने अधिसूचना काढून सूट दिली आहे. बांधकामाला ५ लाखांची मर्यादा आहे, म्हणून कधी कधी एकाच बागेचं काम चार तुकड्यांत फिरताना दिसतं. तुकडे दिसले की विचारा, ही कामं वेगळी का केली?

बेंगळुरूत २०२५ मध्ये बीबीएमपी जाऊन ग्रेटर बेंगळुरू प्राधिकरण आणि त्याखाली पाच महापालिका आल्या. ऑफिसच्या पाट्या बदलल्या, केटीपीपी मात्र तोच आहे.

आता माझी पहिली चूक. बारा-तेरा वर्षांपूर्वी एका बागेच्या खेळण्यांचं टेंडर निघालं. बायकोच्या बांगड्या गहाण ठेवून मी बयाणा रक्कम भरली. अशा टेंडरला दोन लिफाफे असतात. पहिल्यात तुमची पात्रता, म्हणजे उलाढाल, अनुभव, दाखले. दुसऱ्यात दर. पहिला पास झाला तरच दुसरा उघडतात. माझा पहिल्यातच बाद झाला. कारण दिलं, एका वर्षाचा उलाढालीचा दाखला नाही. आणि ज्याला काम मिळालं, त्याच्याकडे सूचनेत मागितलेला तीन वर्षांचा अनुभवच नव्हता! हे मला नंतर कळलं.

मी काय केलं? चहाच्या टपरीवर शिव्या दिल्या. ओळखीच्या माणसाकडे दोन चकरा मारल्या. तीन महिन्यांनी तक्रारीचं पत्र लिहिलं. उत्तर आलं, मुदत संपली. केटीपीपीच्या कलम १६ प्रमाणे बोलीदाराला अपील करता येतं, पण निर्णय हातात आल्यापासून ३० दिवसांत. माझे ते ३० दिवस टपरीवरच गेले.

यावर सुप्रीम कोर्टाचा एक निकाल आहे, तोही आपल्या मुंबईचा. १९७७ च्या जानेवारीत मुंबईच्या विमानतळावर एक रेस्टॉरंट आणि दोन स्नॅक बार चालवायला देण्याचं टेंडर निघालं. अट होती, नोंदणीकृत हॉटेलचालक पाहिजे आणि किमान ५ वर्षांचा अनुभव पाहिजे. काम गेलं अट न भरणाऱ्याला. रमणा दयाराम शेट्टी कोर्टात गेले. त्यांचं म्हणणं साधं होतं. अट पाळायची नव्हती तर तसं सांगायचं, मीही बोली भरली असती. १९७९ मध्ये कोर्टाने सांगितलं की सरकारी संस्थेने स्वतः छापलेली अट तिला स्वतःलाही बांधते, मनाला येईल तेव्हा ती सोडता येणार नाही. आजही टेंडरच्या भांडणात हा निकाल काढला जातो.

पण पुढचं ऐका. शेट्टींना काहीच मिळालं नाही. ते उशिरा आले होते आणि तोवर समोरच्याने खर्च करून धंदा उभा केला होता, हे धरून कोर्टाने त्यांची याचिका फेटाळली. तत्त्व मान्य झालं, तरी हातात शून्य. वकील मित्राने मला हे सांगितलं तेव्हा माझं ते तीन महिन्यांनंतरचं पत्र आठवलं.

दुसरी चूक सांगायला जड जातं.

पुढच्या वर्षी एका शेडवाल्याचा फोन आला. “अहो दादा, तुमचं फक्त नाव हवंय. मी सांगतो तो दर भरा. पुढच्या खेपेला मी तुमच्यासाठी भरतो.” म्हणजे त्याच्यापेक्षा चढा दर टाकायचा, स्पर्धा झाल्यासारखी दिसते आणि काम त्याला जातं. मी भरला. एक रुपया घेतला नाही, म्हणून मला वाटलं मी कुठे चोरी केली?

काम अंदाजपत्रकापेक्षा चढ्या दराने गेलं. बागेसाठी निधी मात्र तेवढाच होता. मग यादी कापली. चार झोपाळे होते, आले दोन. ती बाग माझ्या घराजवळची. पीण्यात मोकळी जागा किती, तुम्हाला माहीत आहे. शिफ्ट सुटल्यावर कामगार पोरांना घेऊन तिथंच येतात. एका रविवारी माझी मुलगी झोपाळ्याच्या रांगेत उभी होती, पुढे आठ-दहा पोरं. तिने विचारलं, “बाबा, तुम्ही झोपाळे बनवता ना? मग इथं दोनच का?”

मी तिला काहीतरी सांगितलं. खरं सांगितलं नाही.

ही चोरीच होती हे मला पुण्याच्या प्रकरणातून कळलं. पुणे महापालिकेच्या घनकचरा प्रक्रिया प्रकल्पांच्या टेंडरमध्ये कंपन्यांनी संगनमत केलं, अशी तक्रार नागरिक चेतना मंच या नागरिकांच्या संस्थेने स्पर्धा आयोगाकडे केली. आयोगाने २०१८ मध्ये संगनमत झाल्याचं ठरवून दंड लावला. त्यात नुसतं नाव लावायला बोली भरणारेही सापडले. माझ्यासारखेच. स्पर्धा कायदा २००२ चा आहे, त्याचं कलम ३ अशा संगनमतालाच लागू होतं. पैसे घेतले नाहीत, हा तिथं बचाव नाही.

त्यानंतर मी ठरवलं की टेंडर नीट शिकायचं. शिकलो ते सांगतो.

एक. सूचना निघाली की पहिल्या दिवशी सगळी वाचा. कन्नड येत नसेल तर येणाऱ्याला घेऊन बसा. मीही तसंच शिकलो. बोली भरायला किती दिवस दिलेत ते बघा. मूळ नियमांत २ कोटींपर्यंतच्या कामाला किमान ३० दिवस आणि त्यावर ६० दिवस होते. आता किती, ते चालू नियमांत बघा. मुदत कमी केली असेल तर वरच्या अधिकाऱ्याने कारण लेखी नोंदवलेलं असावं लागतं. ते मागा.

दोन. अट विचित्र वाटली तर लिफाफा उघडायच्या आधी बोला. लेखी खुलासा मागता येतो. उत्तर सगळ्या बोलीदारांना जातं, विचारणाऱ्याचं नाव न सांगता. उघडल्यानंतर तोच मुद्दा काढलात तर तो हरलेल्याचं रडगाणं वाटतो.

तीन. ठरावीक रकमेपर्यंतच्या कामांत अनुसूचित जातींच्या ठेकेदारांना १७.१५ टक्के आणि जमातींच्या ठेकेदारांना ६.९५ टक्के कामं राखीव आहेत. हक्काचं आहे, वापरा.

चार. काम मिळवायचं म्हणून तोट्यात दर टाकू नका. फार खाली गेलात तर जादा सुरक्षा ठेव मागू शकतात. नाही मागितली तरी तुम्ही पाइपची जाडी कमी करणार, आणि त्या झोपाळ्यावर पोरं बसणार.

पाच. आपला दर आपल्या शेडमध्येच ठरवा. फोन आला तर ठेवून द्या.

काही वर्षांनी एका बागेच्या टेंडरमध्ये अशी अट होती की फक्त एकाच प्रकारच्या परदेशी रबर फरशीचा अनुभव चालेल. मी लेखी विचारलं, झोपाळ्यांच्या कामाला याचा संबंध काय? नऊ दिवसांनी शुद्धिपत्रक निघालं आणि अट गेली. बोली भरणारे वाढले, सात झाले.

काम मला मिळालं नाही. मी दुसरा आलो, अकरा हजारांनी. त्या रात्री वाईट वाटलं, पण यावेळी टपरीवर शिव्या नव्हत्या. मी कुठे महाग पडलो ते मला माहीत होतं, पावडर कोटिंग मी बाहेरून करून घेत होतो. ते बदललं. पुढच्या वर्षी बाकडी आणि रेलिंगचं छोटं काम मिळालं, आणि ते कोणाच्या फोनवर मिळालेलं नव्हतं.

त्या अकरा हजारांच्या बागेत मी मुलीला घेऊन गेलो. यादीत सहा झोपाळे होते. मोजले, सहाच होते. दुसऱ्याने बनवलेले, वेल्डिंग चांगलं होतं. मुलगी आता मोठी झाली आहे, झोपाळ्यावर बसत नाही. बाकड्यावर बसून मी तिला तो जुना फोन आणि ते दोन झोपाळे, सगळं खरं सांगितलं.