मुलांना घेऊन संग्रहालय पाहताना

(सहायक कुटुंबांच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर. जानेवारीतल्या एकत्र सहलीला येणाऱ्या पालकांनी तो आधी वाचावा, म्हणून इथे देत आहोत.)



जानेवारीतल्या एका शनिवारी आपली कुटुंबं आणि आपल्या वसतिगृहातली मुलं मिळून पुण्याचं आदिवासी संग्रहालय पाहायला जाणार आहेत. मुलांना मजा यावी अशी या सहलीची आखणी कशी करायची, एवढंच मला बोलायला सांगितलं आहे. मुलांना घेऊन मी तिथे बऱ्याच वेळा गेले आहे, तेव्हा अनुभवाचं तेवढं सांगते.

हे संग्रहालय पुणे स्टेशनच्या जवळ, क्वीन्स गार्डन भागात आहे. १९६२ साली स्थापन झालेली आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्था ते चालवते. वारली चित्रं, बोहाड्याचे मुखवटे, वाद्यं, दागिने, शेतीची आणि शिकारीची साधनं, बांबूचं विणकाम असं पुष्कळ तिथे आहे. पुष्कळ आहे, हीच पहिली अडचण. आपण मोठी माणसं पैसे आणि वेळ वसूल करायला निघतो. सगळं पाहायचं, पाट्या वाचायच्या, फोटो काढायचे. अर्ध्या तासात मुलं दमतात, मग चिडचिड आणि मग चापट. तसं करायचं नाही.

इस्राएल लोकांनी यार्देन ओलांडली तेव्हा यहोशवाने नदीतून बारा धोंडे आणवून रचले, हे आपण शब्बाथशाळेत शिकलो. ते कशासाठी? पुढे मुलं विचारतील, हे धोंडे कसले, आणि तेव्हा वडिलांना सांगता यावं म्हणून. क्रम बघा. आधी मुलाने विचारायचं, मग मोठ्याने सांगायचं. आपण उलटं करतो. मुलाने विचारायच्या आत भाषण सुरू करतो.

म्हणून पहिला नियम: वस्तू पाचच पाहायच्या. सव्वा तासात पाच वस्तू नीट पाहून होतात. सहलीच्या आठवडाभर आधी आपल्यातले दोघं तिथे जाऊन या पाच वस्तू ठरवून येतील. त्याच वेळी त्यांनी कार्यालयात विचारून घ्यायचं: त्या शनिवारी उघडं आहे ना, वेळ काय, तिकीट किती, माहिती सांगणारी व्यक्ती मिळेल का, फोटोला परवानगी आहे का, शौचालय कुठे, आजी-आजोबांना बसायला जागा कुठे. एवढं केलं की निम्मी सहल पार पडली.

दुसरा नियम: गट लहान ठेवायचे. आठ मुलं आणि दोन मोठी माणसं. गटात मंडळीतली मुलंही हवीत आणि वसतिगृहातलीही. भावंडं सोबत राहू द्या. डबा आधी खायचा, संग्रहालय नंतर. उपाशी पोराला इतिहास कळत नाही. प्रत्येकाकडे एक कोरा कागद आणि शिसपेन्सिल. प्रश्नांची छापील पत्रकं नकोत; मुलं उत्तरं शोधत पळतात आणि वस्तू पाहायची राहून जाते. त्यापेक्षा पाचांतली एक वस्तू खाली बसून काढायची. चित्र वाईट आलं तरी चालेल, डोळा तर तिथे ठरला.

आता पाहायचं कसं, ते एका उदाहरणाने सांगते. तारपा घ्या. आधी काही सांगू नका. विचारा, हे कशाकशाचं केलं असेल? मुलं म्हणतील भोपळा, बांबू, पान. बरोबरच आहे. वाळलेला दुधी, बांबूच्या नळ्या, पुढे ताडाच्या पानाचा कर्णा आणि सांधे बुजवायला मेण. मग विचारा, वाजवणारा श्वास कधी घेत असेल? मुलं गाल फुगवून करून बघतील, करू द्या. मग सांगा, तो फुंक तुटू देत नाही. नाचणारे एकमेकांना धरून त्याच्याभोवती फिरतात आणि तारप्याकडे पाठ करत नाहीत. यानंतर मुलांना वारली चित्रासमोर न्या आणि एवढंच म्हणा, शोधा बघू तारपावाला. माणसांची ती गोल गोल वळत गेलेली रांग सापडली की मुलांना जो आनंद होतो, तो दहा पाट्या वाचून होत नाही.

त्याच चित्रासमोर आणखी दोन गोष्टी सांगता येतील. पांढरा रंग तांदळाच्या पिठाचा असतो आणि टोक ठेचलेल्या बांबूच्या काडीने तो भिंतीवर चढतो. लग्नाचा चौक लिहिण्याचं काम परंपरेने सवाशिणींचं. ही कला जगभर पोहोचवणारे डहाणू तालुक्यातले जिव्या सोमा म्हसे यांना २०११ साली पद्मश्री मिळाली. २०१८ साली ते वारले. बस, एवढंच. बाकीचं मुलं विचारतील तेव्हा.

आता ज्या गोष्टीसाठी मी खरं म्हणजे उभी राहिले, ती सांगते.

आपल्या वसतिगृहातली मुलं जुन्नर-आंबेगावच्या डोंगरातली आहेत. महादेव कोळी आहेत, ठाकर आहेत, कातकरी आहेत. आपल्या मुलांसाठी काचेआडच्या वस्तू नवलाच्या असतील. यांच्यातल्या कोणाच्या घरी त्यातलं सूप, टोपली, कणगी आजही वापरात असेल. अशा वेळी माहिती सांगणारा जर म्हणाला, ‘हे लोक पूर्वी असं राहायचे’, तर शेजारी उभ्या असलेल्या दहा वर्षांच्या मुलीला काय वाटेल? तिची आजी अजून तशीच राहते. म्हणजे आजी पूर्वीची झाली का? २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १ कोटी ५ लाख होती, दर शंभरांत नऊ माणसं. ही माणसं आज आहेत, शेती करतात, मजुरी करतात, कॉलेजात शिकतात. म्हणून माहिती सांगणाऱ्याला आधीच विनंती करायची आणि आपणही पाळायचं: ‘करायचे’ नाही, ‘करतात’. ‘ते लोक’ नाही, जमातीचं नाव घ्यायचं. जे खरोखर थांबलं आहे तेवढ्यालाच भूतकाळ.

दुसरी गोष्ट. कोणत्याही मुलाला सगळ्यांसमोर ‘हे तुमच्याकडचं ना?’ असं विचारायचं नाही. एक तर तो ते नसेलही. राज्याच्या यादीत चाळीसहून अधिक जमाती आहेत. तारपा वारली, कोकणा यांच्या मुलखातला. जुन्नरच्या ठाकर मुलाने तो कधी पाहिलाही नसेल. त्याला हिरडा विचारा, तो कधी वेचायचा, कसा वाळवायचा, व्यापारी काय भाव देतो, हे तो तुम्हाला सांगेल. आणि दुसरं असं की मुलं संग्रहालय पाहायला आली आहेत. ती पाहण्याची वस्तू नव्हेत.

पण एखाद्याला सांगायचं असेल तर? तर त्याच्यासारखा मार्गदर्शक नाही. यासाठी वसतिगृहाच्या बाई आधीच मुलांशी एकेकट्याने बोलतील. ज्याला हौस आहे त्याने एक वस्तू निवडायची, सुट्टीत घरी गेल्यावर आजी-आजोबांना तिच्याबद्दल विचारून यायचं आणि त्या दिवशी आपल्या गटाला सांगायचं. नको म्हणाला तर नको, कारण विचारायचं नाही. मंडळीतल्या मुलांनाही हेच काम द्या. त्यांनीही आपल्या घरातली एक जुनी वस्तू आजीला विचारून आणायची. जातं, पाटा, अडकित्ता, कंदील, काहीही. कागदावर काढून आणली तरी चालेल. डबे खाताना दोन्हीकडच्या मुलांनी आपापलं सांगायचं. म्हणजे एक सांगणारा आणि एक बघणारा, अशी विभागणी राहणार नाही.

याच कारणासाठी, वेळ उरला आणि मुलं ताजी असली, तर दुपारी बाजीराव रस्त्यालगतचं राजा केळकर संग्रहालयही पाहावं असं मी सुचवते. दिनकर केळकरांनी आपल्या लहानपणीच गेलेल्या मुलाच्या, राजाच्या, आठवणीत ते उभं केलं आणि १९७५ साली राज्य सरकारच्या हाती दिलं. तिथे अडकित्ते आहेत, दिवे आहेत, कुलपं आहेत, पाय घासायच्या वज्र्या आहेत. पेठांतल्या आणि वाड्यांतल्या घरांच्या रोजच्या वस्तू. आमच्या आज्यांच्या वस्तूही काचेआड आहेत, हे एकदा शहरातल्या मुलाने पाहिलं की काचेआड जाणं म्हणजे मागासलेपण नव्हे, हे त्याला वेगळं शिकवावं लागत नाही. वसतिगृहातल्या मुलांनाही ते दिसतं. तिथेही नियम तोच, पाच वस्तू. मुलं दमली असतील तर मात्र केळकर संग्रहालय पुढच्या वेळी.

एक शंका दोन-तीन पालकांनी मला खासगीत विचारली. बोहाड्याच्या मुखवट्यांत देवदेवतांची सोंगं असतात. आपल्या मुलांना ते दाखवावं का? शंका प्रामाणिक आहे, तिला हसू नये. मी एवढंच म्हणेन की पौल अथेन्सात गेला तेव्हा तो शहरात हिंडला आणि तिथल्या लोकांच्या पूजेच्या वस्तू त्याने लक्ष देऊन पाहिल्या. बोलला तो नंतर, आणि तेही आदराने. मुखवटा दाखवताना सांगा की जव्हार-मोखाड्याकडे रात्र-रात्र चालणाऱ्या उत्सवात ही सोंगं नाचतात. कोणी केला, कशाचा केला, तो घालून नाचताना मान किती दुखत असेल, हे विचारा. आपला विश्वास घरी आहे, भक्कम आहे. दुसऱ्याच्या श्रद्धेची थट्टा आपल्या मुलाच्या तोंडून निघू नये, एवढं आपण सांभाळायचं.

फोटोंबद्दल थोडं. वार्तापत्रासाठी फोटो लागतो हे मला ठाऊक आहे. तो सगळ्यांचा मिळून काढा, मुलांना आणि त्यांच्या घरच्यांना विचारून. वसतिगृहातल्या मुलाला मुखवट्याशेजारी एकटा उभा करून काढू नका. खाऊही सगळ्यांना सारखा, एकाच पिशवीतून. देणगीदाराने वेगळा काढून दिलेला नको.

घरी आल्यावर त्याच रात्री परीक्षा घेऊ नका. दोन-चार दिवसांनी जेवताना सहज विचारा, तुला त्यातलं काय घरी आणावंसं वाटलं? उत्तर काहीही येवो, ऐका. कागदावरची चित्रं रविवारी घेऊन या. शब्बाथशाळेच्या खोलीत दोन्हीकडच्या मुलांची चित्रं एकाच दोरीवर लावू.

तुमच्याकडून तीन गोष्टी हव्या आहेत. आधी जाऊन पाहून येणारे दोघं. प्रत्येक गटासाठी दोन मोठी माणसं, ज्यांना कमी बोलता येतं अशी. आणि वसतिगृहाच्या बसचं भाडं. पहिल्या दोन गोष्टींसाठी नावं आज उपासनेनंतर माझ्याकडे द्या. तिसरीसाठी खजिनदार दाराशी बसले आहेत.

आपण वर्षानुवर्षं या मुलांच्या वह्या-पुस्तकांसाठी, तांदळासाठी देत आलो. ते देणं चालूच राहील. या एका दिवशी मात्र आपण त्यांच्याकडून ऐकायला जाणार आहोत. प्रभू आपल्याला ऐकण्याची बुद्धी देवो. आमेन.