अंदाज पुण्यात, निर्णय मुंबई-दिल्लीत, नुकसान शेतात

(बांदा, जि. सिंधुदुर्ग येथे कोरडवाहू भागातील शेतकरी प्रतिनिधींसमोर केलेल्या भाषणाचा सारांश)



कापूस-ज्वारीच्या मुलखातून तुम्ही इतक्या लांब बांद्यापर्यंत आलात. इथली पावसाची तक्रार तुमच्या उलटी आहे. तुमच्याकडे वर्षाकाठी सातशे-आठशे मिलिमीटर वेळेवर पडला तर साल बरे गेले म्हणतात. या जिल्ह्यात तीन हजारांच्या वर पडतो. ऑगस्ट २०१९ मध्ये तेरेखोल नदीचे पाणी याच बांद्याच्या बाजारपेठेत शिरले होते. तुम्हाला पाऊस येतो कधी याची चिंता, इथल्या माणसाला तो थांबतो कधी याची. पण दोघांचा प्रश्न एकच आहे. आभाळात काय चालले आहे हे ज्यांना कळते, त्यांचे म्हणणे निर्णय घेणाऱ्याच्या कानावर वेळेत आणि नीट का पडत नाही? आणि ते पोचवायचा खर्च कोणी करायचा? मी आज एवढ्यावरच बोलणार आहे.

पाऊस आला म्हणजे कुठे आला?

२०२५ चे उदाहरण घ्या. त्या वर्षी २५ मे रोजी मान्सून महाराष्ट्रात आला. आला कुठे? याच जिल्ह्यात, देवगडपर्यंत. दुसऱ्या दिवशी मुंबईत पोचला. ‘मान्सून महाराष्ट्रात दाखल’ अशी बातमी झाली. बातमी खरी होती. पण यवतमाळच्या किंवा बीडच्या कापूसवाल्याने ती ऐकून सरकी टोबली असती तर काय झाले असते? मान्सूनची पुढची चाल मे अखेरीस अडली ती जूनच्या मध्यापर्यंत. शास्त्रज्ञांना हे दिसत होते. पेरणीची घाई करू नका, असे कृषी खात्याने सांगितलेही. म्हणजे ज्ञान होते आणि सल्लाही होता. पण ‘मान्सून आला’ हे चार दिशांना ऐकू गेले आणि ‘थांबा’ हे किती गावांत पोचले?

पंचाहत्तर ते शंभर मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नये, हा सल्ला तुम्हाला पाठ आहे. तो चुकला की दुबार पेरणी. बियाणे पुन्हा, मजुरी पुन्हा, सावकाराचे दार पुन्हा. अंदाज शेतापर्यंत न पोचण्याची किंमत ही अशी रोख मोजावी लागते, आणि ती मोजतो शेतकरी.

यंत्राला पैसा आहे, सांगणाऱ्याला नाही

हवामान खाते काही कालचे नाही. १८६४ साली कलकत्त्याला मोठे वादळ झाले, १८६६ आणि १८७१ मध्ये पाऊस गेला, त्यानंतर १८७५ साली इंग्रजांनी हे खाते काढले. शेतीच्या हवामानाचा वेगळा विभाग १९३२ साली पुण्यात सुरू झाला. म्हणजे शेतकऱ्याला हवामान सांगायचे, ही कल्पना नव्वद वर्षांहून जुनी आहे.

आता पैशाचा हिशेब पाहू. सप्टेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘मिशन मौसम’ला दोन वर्षांसाठी दोन हजार कोटी रुपये मंजूर केले. त्याच महिन्यात पुण्यात आणि नोएडात हवामानाच्या कामासाठी महासंगणक सुरू झाले, त्यांची किंमत ८५० कोटी. माझी त्याला हरकत नाही. रडार हवेत, संगणक हवेत. पण त्याच वर्षी मार्च महिन्यात काय झाले ते ऐका.

२०१८ पासून देशभरातल्या कृषी विज्ञान केंद्रांत १९९ जिल्हा कृषी हवामान केंद्रे उघडली होती. ती ५३० पर्यंत न्यायची, असे ठरले होते. एकेका केंद्रात माणसे किती? एक विषयतज्ज्ञ आणि एक निरीक्षक. काम काय? दर मंगळवारी आणि शुक्रवारी वेधशाळेचा अंदाज घ्यायचा, तो तालुक्याला लावायचा, पिकाला लावायचा आणि शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचा. फवारणी आज करा की परवा, कापूस वेचून घ्या की राहू द्या, एवढे साधे. मार्च २०२४ अखेर ही केंद्रे बंद झाली. हे काम यंत्राने होईल, मग माणसे कशाला, असा विचार त्यामागे होता, असे वर्तमानपत्रांत आले. देशभरातली १३० जुनी, विभागवार केंद्रे राहिली. या सिंधुदुर्गासाठी मुळद्याचे केंद्र आहे. पण एका विभागात कित्येक तालुके, आणि प्रत्येक तालुक्याचे आभाळ वेगळे.

विहिरीला लाखाचा पंप बसवायचा आणि दोराला पैसे नाहीत म्हणून बादली काठावर ठेवायची, असा हा कारभार आहे.

यात तोटा किती? राष्ट्रीय उपयोजित आर्थिक संशोधन परिषदेने २०२० साली एक अहवाल दिला. कोरडवाहू जिल्ह्यांतल्या शेतकऱ्यांना विचारून त्यांनी हिशेब मांडला, की मान्सूनच्या संशोधनावर आणि संगणकांवर घातलेल्या एका रुपयामागे पन्नास रुपयांचा फायदा होतो. आकडा थोडा इकडे तिकडे होईल, ते सोडा. पण हे पन्नास रुपये कुठे तयार होतात? संगणकाच्या खोलीत नाही. शेतकऱ्याने अंदाज ऐकून पेरणी पुढे ढकलली, खत राखून ठेवले, काढणी लवकर केली, तेव्हा ते तयार होतात. निरोप्याला काढून टाकले तर रुपया खर्ची पडणार आणि पन्नास रुपये कागदावर राहणार.

सरकार अंदाज ऐकते, पण कोणासाठी?

कोणी म्हणेल, सरकारला हवामान कळतच नाही. मला हे मान्य नाही. २०२३ साल आठवा. अल निनोची चर्चा सुरू होती. २० जुलैला बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद झाली. ऑगस्ट कोरडा गेला, १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट. त्याच महिन्यात, १९ तारखेला, कांद्यावर ४० टक्के निर्यात कर बसला. पाऊस कमी म्हणजे माल कमी, माल कमी म्हणजे भाव वर, म्हणून आधीच दार बंद. हा हिशेब दिल्लीला काही दिवसांत जमला.

आता त्याच ऑगस्टचा दुसरा हिशेब पाहा. पावसाने मोठा खंड दिला, सोयाबीन-कापूस करपला. पीक विम्यात तरतूद होती, की हंगामाच्या मध्यात उत्पन्न निम्म्याहून खाली जाणार असे दिसले तर २५ टक्के भरपाई आगाऊ द्यावी. जिल्हाधिकाऱ्यांनी अधिसूचना काढल्या. विमा कंपन्यांनी हरकती घेतल्या, अपिले केली. पाऊस किती दिवस नव्हता, कोणत्या मंडळात नव्हता, यावर वाद झाले. भाव पाडायचा असेल तेव्हा हवामानाची माहिती पुरेशी असते. भरपाई द्यायची असेल तेव्हा तीच माहिती अपुरी ठरते.

आणखी एक दाखला. हवामान बदलाला तोंड कसे द्यावे याचा अभ्यास महाराष्ट्र सरकारने २०१० साली ‘टेरी’ या संस्थेकडे सोपवला. अहवाल २०१४ साली आला. त्यावरच्या कृती आराखड्याला सरकारची मान्यता मिळाली २०१७ साली. सात वर्षे. अहवाल होता इंग्रजीत. तुमच्या पंचायत समितीत तो कोणी वाचला असेल, तर त्याने हात वर करावा.

पैसे कोणी द्यायचे?

तर मग पोचवण्याचा खर्च कोणी करावा? कंपन्या तयार आहेत. बियाण्याची कंपनी म्हणते, हवामानाचा संदेश आम्ही फुकट देतो. विमा कंपनीही म्हणेल. पण ज्याची खावी पोळी, त्याची वाजवावी टाळी. बियाणे विकणारा ‘आठ दिवस थांबा’ असे जोराने सांगेल काय? जुलै २०१७ मध्ये बीड जिल्ह्यात माजलगाव तालुक्यातल्या आनंदगावच्या शेतकऱ्यांनी दिंद्रुड पोलीस ठाण्यात हवामान खात्याविरुद्धच तक्रार दिली होती. अंदाज खोटा सांगितला आणि त्यात बियाणे-औषधवाल्यांचा फायदा झाला, असे त्यांचे म्हणणे होते. आरोप खरा की खोटा हा मुद्दा वेगळा. विश्वास किती उडाला आहे, हे त्यातून दिसते. मोसमाचा अंदाज हा अख्ख्या देशाचा, चार महिन्यांचा असतो. तो आनंदगावच्या जुलैचा नसतो. एवढे साधे वाक्य समजावणारा माणूस गावात असता, तर लोक पोलीस ठाण्यात गेले नसते.

परदेशी मदतीचे प्रकल्प येतात. त्यातून कामेही होतात. नानाजी देशमुख कृषी संजीवनी प्रकल्प २०१८ पासून जागतिक बँकेच्या कर्जातून पाच हजारांवर गावांत चालला आणि गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडण्याचे तंत्र मुंबईच्या आयआयटीने करून दिले. विद्वानाचे ज्ञान गावच्या निर्णयापर्यंत आणता येते, हे त्यातून सिद्ध झाले. पण प्रकल्पाला शेवटची तारीख असते. दुष्काळाला नसते.

म्हणून माझे म्हणणे असे, की हा खर्च सरकारी तिजोरीतूनच झाला पाहिजे, आणि उपकार म्हणून नव्हे. संशोधन आपल्या करातून चालते. त्याचे फळ पोचवणे हा त्याच कामाचा भाग आहे. जिल्ह्याच्या बैठकांत पुढील ठराव घ्या.

एक, हवामान संशोधनाच्या प्रत्येक मंजुरीत माहिती पोचवण्याचा वाटा वेगळा आणि ठरलेला असावा. तो दुसरीकडे वळवता येऊ नये.

दोन, जिल्हा कृषी हवामान केंद्रे पुन्हा माणसांसह चालवावीत आणि तिथली पदे कायम असावीत.

तीन, शेतीला लागू असा कोणताही सरकारी अहवाल ठरावीक मुदतीत मराठीत निघावा.

चार, जिल्ह्याचा अंदाज किती खरा ठरला, याचा हिशेब दर हंगामानंतर जाहीर व्हावा. जे चुकते तेही सांगावे, म्हणजे लोक विश्वास ठेवतील.

पाच, निर्यातबंदीसाठी जो अंदाज वापरला, तोच विम्यासाठी आणि कर्जवसुली थांबवण्यासाठी ग्राह्य धरावा.

या पाचही मागण्यांना लागणारा पैसा महासंगणकाच्या खर्चापुढे फार मोठा नाही. अडचण पैशाची असती तर मी गप्प बसलो असतो. अडचण ही आहे, की सांगणारा माणूस गावात बसला तर तो फक्त पाऊस सांगत नाही. पाऊस नव्हता याची साक्षही देतो. ती साक्ष कोणाला नको आहे, ते तुम्ही ओळखता.

तोवर एक काम आपल्या हातचे आहे. गावोगाव पर्जन्यमापक लावा. महसूल मंडळाचे यंत्र गावापासून लांब असते. रोज सकाळी साडेआठला पाऊस मोजा, वहीत लिहा, ग्रामसभेत वाचा. उद्या जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर कंपनीचा आकडा येईल, तेव्हा शेजारी तुमची वही असली पाहिजे.