खालीं बसविलेली मोटार आणि तिचीं चाकें

बैलगाडीच्या चाकावर लोखंडी धांव चढविणाऱ्या कारागिरास एक गोष्ट कोणी सांगावी लागत नसे. आंस किंचित् वांकला कीं धांव एकाच अंगानें झिजूं लागते, आणि ती झीज पाहूनच तो आंसाचा दोष ओळखी. अशा वेळीं नुसती धांव बदलून भागत नाहीं. आधीं आंस सरळ करावा लागतो. धाराशिव जिल्ह्यांत ऊस वाहणाऱ्या कित्येक बैलगाड्यांना आतां लोखंडी धांवेच्या जागीं रबरी टायर आले आहेत. परंतु झिजण्याचा नियम बदललेला नाहीं. मोटारगाडीसही तोच नियम लागू आहे. मात्र मोटारीच्या चाकांचे कोन डोळ्यांना सहज दिसत नाहींत, आणि त्यामुळें ज्या मोटारी हौसेनें जमिनीलगत उतरविल्या जातात त्यांच्या मालकांस या नियमाची आठवण बहुधा फार उशिरां होते.

मोटार खालीं उतरविण्याची हौस सर्वस्वीं निरर्थक आहे असें नाहीं. गाडीचा गुरुत्वमध्य खालीं आला म्हणजे वळणावर ती कमी कलते. शर्यतीच्या गाड्या जमिनीस चिकटून धांवतात त्या याच कारणासाठीं. पण त्या गाड्यांची संपूर्ण रचनाच तेवढ्या उंचीसाठीं केलेली असते. बाजारांतील साधी मोटार तशी नसते, आणि ती उतरविण्याचे मार्ग मुख्यतः दोन आहेत. पहिला मार्ग म्हणजे त्याच गाडीसाठीं बनविलेल्या आंखूड व ताठ स्प्रिंगा आणि त्यांना साजेसे शॉकअप बसविणें. दुसरा व स्वस्त मार्ग म्हणजे मूळ स्प्रिंगचे एक-दोन वेढे कापून टाकणें, अथवा ती तापवून दबविणें. कापलेली स्प्रिंग आपल्या वाटींत नीट बसत नाहीं, आणि तापविलेल्या पोलादाचें पाणी उतरतें. म्हणून हा दुसरा मार्ग त्याज्यच समजला पाहिजे. परंतु पहिल्या मार्गानें गेलें तरी चाकांचे कोन बदलावयाचे राहत नाहींत.

तें कसें, हें समजण्यासाठीं पुढच्या चाकाची मांडणी ध्यानांत घ्यावी लागते. १९८३ सालीं रस्त्यावर आलेल्या मारुती ८०० पासून आजच्या बहुतेक लहान मोटारींपर्यंत पुढचें चाक ज्या खांबावर उभें असतें, त्यास अर्ल मॅकफर्सन या अमेरिकन अभियंत्याच्या नांवावरून मॅकफर्सन स्ट्रट म्हणतात. या खांबाचें वरचें टोंक गाडीच्या अंगास जोडलेलें असतें, आणि खालचें टोंक एका आडव्या भुजेनें, म्हणजे लोअर आर्मनें, धरलेलें असतें. चाकास वळण देणारा टायरॉड निराळा असतो. गाडी खालीं आली म्हणजे ही भुजा व टायरॉड आपापल्या बिजागरीभोंवतीं फिरतात. मूळ उंचीच्या आसपास दोघांचे फेरे एकमेकांशीं जुळावेत अशी योजना निर्मात्यानें केलेली असते. त्या उंचीपासून दूर गेल्यावर तो मेळ बिघडतो आणि चाक आपली जागा सोडतें.

जागा सोडणें दोन प्रकारचें असतें. समोरून पाहिलें असतां चाकाचा माथा आंत किंवा बाहेर कललेला असणें, या कलण्यास कॅम्बर म्हणतात. वरून पाहिलें असतां चाकाचें तोंड आंत किंवा बाहेर वळलेलें असणें, या वळण्यास टो म्हणतात. गाडी थोडी उतरविली असतां चाकाचा माथा बहुधा आंत कलतो. टो कोणत्या बाजूस बदलेल हें टायरॉड कोठें व किती उंचीवर जोडला आहे यावर अवलंबून असतें.

टायर खाऊन टाकतो तो कॅम्बरच, अशी सामान्य समजूत आहे. कारण कललेलें चाक निदान दिसतें तरी. वस्तुतः खरा भक्षक टो आहे, आणि तो अर्ध्या-एक अंशांत लपून बसतो. चाकाचें तोंड प्रवासाच्या रेषेपासून अवघा १ अंश वळलेलें असेल, तर प्रत्येक किलोमीटरमागें सुमारें १७.५ मीटर आडवें अंतर रबरास ताणून व घसटून भरून काढावें लागतें. अर्धा अंश धरला तर हेंच अंतर सुमारें ८.७ मीटर होतें. धाराशिवाहून सोलापूर सुमारें ७० किलोमीटर आहे. तेवढ्या एका खेपेंत अर्ध्या अंशानें चुकलेल्या चाकाच्या वांट्यास ६०० मीटरांहून अधिक आडवी ओढ येते. कोणी ती मोटार डांबरावरून तितकें अंतर आडवी फरफटत नेली असती, तर मालकानें आकांत मांडला असता. तेंच काम चाक निमूटपणें करतें तेव्हां कोणाचें लक्षही जात नाहीं.

कॅम्बरचा अपराध सौम्य आहे, पण तो टोच्या अपराधास साथ देतो. चाक आंत कललें कीं भार आंतल्या कडेवर एकवटतो, आणि टोनें चाललेली घसट नेमकी त्याच कडेवर अधिक पडते. यांत खरा धोका असा कीं ती कड गाडीच्या पोटाकडे असते. बाहेरून पाहणाऱ्यास टायरच्या खांचा खोल व स्वच्छ दिसतात, आणि आंतल्या कडेवर मात्र रबर सरून खालच्या तारा उघड्या पडलेल्या असतात. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनीं मोटारीच्या टायरच्या खांचांची खोली १.६ मिलिमीटरांहून कमी असूं नये असें ठरविलें आहे. पण ही खोली बाहेरच्या कडेवर मोजणारा स्वतःचीच फसवणूक करतो. चैत्र-वैशाखांतील तापलेल्या महामार्गावर भरधांव जातांना असा टायर फुटला, तर चूक सुधारण्यास चालकाजवळ क्षणभरही अवधि उरत नाहीं.

झीज वाचण्यास यंत्र लागत नाहीं. हाताचा तळवा पुरतो. गाडी थंड व उभी असतां सुकाणूचक्र एका बाजूस पूर्ण वळवावें, म्हणजे पुढच्या टायरचा आंतला भाग हातास लागतो. तळवा खांचांवरून आडवा फिरविला असतां एका दिशेनें गुळगुळीत आणि उलट दिशेनें करवतीप्रमाणें खरखरीत लागलें, तर टो चुकलेला आहे. फक्त एकच कड सपाट झाली असेल तर कॅम्बर पाहावा. दोन्ही कडा झिजल्या असतील तर हवा कमी होती, आणि मधला पट्टा झिजला असेल तर ती अधिक होती. मध्येंच खळगे पडले असतील तर शॉकअप निकामी झाला आहे. उतरविलेल्या गाडींत हा दोष वारंवार आढळतो, कारण लांब स्प्रिंगसाठीं बनलेला शॉकअप आंखूड स्प्रिंगसह तळाशीं आदळत राहतो.

धाराशिव जिल्ह्याची भूमि अशा गाडीस अनुकूल नाहीं. बालाघाटाच्या डोंगररांगेवर वसलेल्या या मुलखांत काळी माती पुष्कळ आहे. ती पावसाळ्यांत फुगते व उन्हाळ्यांत भेगाळते, आणि तिच्यावरून गेलेला रस्ता लाटांप्रमाणें खालवर होतो. सोलापूर-धुळें महामार्ग सोडून गांवाच्या फाट्यास वळलें कीं गतिरोधक सुरू होतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या मानकाप्रमाणें गोलसर गतिरोधकाची उंची १० सेंटिमीटर असावी. साध्या लहान मोटारीचें पोट जमिनीपासून सुमारें १७ सेंटिमीटर वर असतें. त्यांतून ४ सेंटिमीटर वजा केले आणि पांच माणसें आंत बसलीं, म्हणजे काय उरतें याचा हिशेब कोणासही करतां येईल. पोट घासलें तर तें ऐकूं तरी येतें. पण प्रत्येक धक्क्यासरशीं बुश व बॉलजॉइंट ढिले होतात आणि कालच नीट केलेला टो आज पुनः सुटतो. नवरात्रांत तुळजापूरच्या वाटेला लागणाऱ्या कुटुंबांनींही एक ध्यानांत ठेवावें: क्षमतेबाहेर माणसें व सामान भरलेली गाडीही तेवढ्यापुरती खालीं उतरविलेलीच गाडी होय.

उपाय आहे, परंतु त्यास क्रम आहे. प्रथम हवा योग्य दाबाची भरावी. नंतर बुश, बॉलजॉइंट व टायरॉड यांतील ढिलाई मिस्त्रीकडून काढून घ्यावी. ढिल्या सांध्यांवर केलेलें अलाइनमेंट म्हणजे वाळूवर रेघ ओढणें आहे. त्यानंतर, गाडी ज्या उंचीवर चालणार त्याच उंचीवर, कॅम्बर आधीं व टो शेवटीं असे कोन मोजून लावावेत. कारण कॅम्बर हलविला कीं टो हलतो. पुष्कळ लहान मोटारींत फक्त टोच फिरवितां येतो. कॅम्बर मूळ मर्यादेंत आणण्यास तेथें निराळा बोल्ट लागतो, आणि तोही पुरेसा न ठरल्यास गाडी वाजवीपेक्षां अधिक उतरली आहे असें समजावें. नव्या स्प्रिंगा कांहीं दिवसांत थोड्या बसतात, म्हणून कांहींशें किलोमीटर चालल्यावर मोजणी पुनः करावी. चाकाचें बॅलन्सिंग हें निराळें काम आहे. त्यानें थरथर थांबते, कोन सुधारत नाहीं.

या सर्वांहून एक प्रश्न मोठा आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचें ५२ वें कलम वाहनांतील फेरबदलांवर बंधन घालतें, आणि निर्मात्याच्या मूळ विनिर्देशांशीं विसंगत बदल मालकास करतां येणार नाहीं असा निर्णय सर्वोच्च न्यायालयानें जानेवारी २०१९ मध्यें दिला. त्याच वर्षाच्या दुरुस्तीनें अनधिकृत बदलास प्रत्येकीं ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. म्हणजे हौसेचा हिशेब नुसत्या टायरच्या किंमतीवर संपत नाहीं.

गाडी मूळ उंचीवर आणणें हाच तिच्या चाकांवरील सर्वांत स्वस्त इलाज आहे. तो न करणाऱ्यानें निदान महिन्यांतून एकदां खालीं वांकून टायरच्या आंतल्या कडेवर हात फिरवावा. नवा टायर घेण्यापूर्वीं जुना टायर कशानें गेला हें ज्यानें पाहिलें नाहीं, त्याचा नवा टायरही त्याच वाटेनें जाणार आहे.