सेवेला सोबती हवा

बोरिवलीहून होडीने खाडी ओलांडली की गोराई लागते. इथले चर्च तीन राजांना वाहिलेले आहे. ताऱ्याच्या मागोमाग बेथलेहेमला गेलेले हे प्रवासी रिकाम्या हातांनी गेले नाहीत, आणि एकेकटेही गेले नाहीत.

पॅरिसमध्ये १८३३ साली फ्रेडरिक ओझानाम या वीस वर्षांच्या विद्यार्थ्याला लोकांनी विचारले, की तुमचा धर्म आज गरिबांसाठी करतो तरी काय? तेव्हा तो एका मित्राला घेऊन स्वतःजवळचे सरपण एका गरिबाच्या घरी पोहोचवून आला. त्यातूनच संत व्हिन्सेंट डी पॉल यांच्या नावाची संस्था उभी राहिली. तिचे सेवक आजही दोघे-दोघे मिळून गरजूंच्या घरी जातात. एकट्याचा उत्साह चार दिवसांत ओसरतो हो. सोबती असला की टिकतो.

गोराईत रात्री-अपरात्री कुणाचे दुखणे बळावले, तर होडी मिळत नाही. भाईंदरवरून लांबचा वळसा पडतो. शेजारी कुठल्या देवाचे नाव घेतो, हे तेव्हा पाहू नये. दोघांनी उठावे. एकाने गाडी बघावी, दुसऱ्याने घरच्यांपाशी बसावे. रविवारची प्रार्थना मनात किती उतरली, ते त्या रात्री कळते.